एक थाऊ शिल्लक

सदर इसमाचे वर्णन पुढीलप्रमाणे. पुरुष. वय छप्पन्न वर्षे पूर्ण. उंची मध्यम, बांधा किरकोळ, चेहरा फोटोवरून ओळखू येईल इतपत. हुद्दा : मोजणीदार, श्रेणी दोन, बंदूक तपासणी कार्यालय, खोली क्रमांक चार. ओळखीची खूण : उजव्या डोळ्याभोवती भिंगाचा गोल वळ, सुटीच्या दिवशीही जात नाही. व्यसन : निरंक. छंद : निरंक. वर्तणूक : समाधानकारक. चौतीस वर्षांच्या सेवेत उपरोक्त इसमाविरुद्ध आलेल्या तक्रारी : एक. तक्रारदाराचे नाते : सख्खा धाकटा भाऊ.

कार्यालयात त्यांना पॉइंटराव म्हणत. तोंडावरच म्हणत, आणि ते ओ देत. जो माणूस प्रत्येक गोष्ट दशांश चिन्हानंतर तीन आकड्यांपर्यंत सांगतो, त्याला दुसरं काही म्हणणं अवघडच. त्यांच्या बायकोचं म्हणणं असं की, "ह्यांना विचारा, जेवण कसं झालंय. मीठ किती कमी पडलं ते सांगतील. आवडलं का, ते मोजायला ह्यांच्याकडे गेज नाही."

खोली क्रमांक चारमध्ये जुन्या दुनळी बंदुका येत. आजोबांच्या, पणजोबांच्या, कुणाच्या तरी माळ्यावर गोधडीत गुंडाळलेल्या. शंभर वर्षांपलीकडच्या बंदुकीला परवाना लागत नाही. कायद्याच्या लेखी ती शोभेची वस्तू आहे. शोभेच्या या वस्तूत आजही काडतूस बसतं आणि चाप ओढला की बार निघतो, हे कायद्याच्या अजून कानावर आलेलं नाही. मात्र ती विकायची तर कार्यालयाचा ठप्पा लागतो. ठप्पा नसेल तर भिंतीवर टांगा, पुसा, पाहुण्यांना दाखवा. विकता येत नाही.

बंदूक उघडून नळ्या सुट्या केल्या की त्यांच्या पोटाखाली, बाहेरून कधीच न दिसणाऱ्या जागी, कारागिराच्या काळातले ठप्पे असतात. त्यात चौकटीत एक आकडा असतो, बहुधा बारा. एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या, तर त्यातली एक ज्या नळीत नेमकी बसेल ती बारा बोअरची नळी. हा आकडा म्हणजे बंदुकीचं जन्मावेळचं माप. पुढे नळीला आतून गंज चढतो. मालक ती घासून घेतो. मुलगा पुन्हा घासून घेतो. नातू विकायच्या आधी एकदा घासतो. प्रत्येक घासणीला भोक मोठं होतं आणि नळीची भिंत पातळ होते, पण बाहेर कोरलेली धावती कुत्री आणि उडते पक्षी होते तसेच राहतात. आतून आरशासारखी लखलखणारी नळी बघून गिऱ्हाईक खूश होई, पॉइंटरावांना आधी शंका येई.

त्यांचं काम एका वाक्याचं होतं. काडतूस भरायच्या टोकापासून नऊ इंच आत गेज घालायचं आणि नळीचं भोक मोजायचं. नऊ इंचच का, तर नळी फुटली तर बहुतेक वेळा तिथेच फुटते, आणि नेम धरणाऱ्याचा पुढचा हात नेमका त्याच जागेखाली असतो. माप थाऊमध्ये, म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागात. बारा बोअरला सातशे एकोणतीस थाऊपासून सातशे एकोणचाळीसपर्यंत पास. चाळीस झाले की नापास. पॉइंटराव चाळीसला नापास करत, साडेएकोणचाळीसला बंदूक पुन्हा तीन वेगवेगळ्या दिवशी मोजत. लोक हातापाया पडले, वरून फोन आले, एकदा एका निवृत्त न्यायाधीशांनी त्यांना "कारकुंड्या" म्हटलं. पॉइंटरावांनी शांतपणे सांगितलं, "मी मोजणीदार आहे साहेब. कारकुंडे खोली क्रमांक दोनमध्ये बसतात."

गेज हे नुसतं काटा असलेलं यंत्र. त्याला स्वतःचं मत नसतं. रोज सकाळी ते एका पोलादी रिंगमध्ये घालून काटा जुळवायचा. त्या रिंगला मास्टर रिंग म्हणत. तिचं भोक बरोबर सातशे एकोणतीस थाऊ. कार्यालयात खरं असं एवढंच होतं, बाकी सगळं तिच्यावरून ठरायचं. चोवीस वर्षांपूर्वी ही रिंग नवी आली तेव्हापासून पॉइंटरावांनी तिला दुसऱ्याचा हात लागू दिला नव्हता. गंजाचा ठिपका पडला तर माप चुकेल, म्हणून दर शनिवारी काम आटोपलं की लाकडी काडीला मऊ कापड गुंडाळायचं, त्याला पॉलिशची पेस्ट लावायची आणि रिंग आतून पुसायची. साठ फेरे उजवीकडे, साठ डावीकडे. चोवीस वर्षांत एकही शनिवार चुकला नाही. त्यांना पहिला मुलगा झाला तो शनिवार होता; बायको हे आजही सांगते, पण हसत नाही.

रिंग दरवर्षी तपासायला बाहेरच्या प्रयोगशाळेत पाठवायची, असा नियम होता. पण रिंग गेली तर तीन आठवडे काम बंद. त्यावर खोली क्रमांक दोनने तोडगा काढला होता : रिंगऐवजी मागच्या वर्षीचं प्रमाणपत्र पाठवायचं. प्रयोगशाळा ते तपासून नवं प्रमाणपत्र देई. ही पद्धत दोन्हीकडे सोयीची पडल्यामुळे रूढ झाली.

दोन वर्षांपूर्वी पॉइंटरावांचे वडील गेले. त्यांची दुनळी धाकट्याला मिळाली. वडील जिवंतपणीच सांगून ठेवत, "मोठ्याला दिली तर तो मोजत बसेल. बंदुकीनं कधीतरी बारही काढावा." धाकट्याचं टायरचं दुकान होतं, वरच्या मजल्यावर घर, आणि थंडीत मित्रांबरोबर तळ्यावर बदकं मारायचा नाद. बंदूक हातात आल्या आल्या तो ती घेऊन खोली क्रमांक चारमध्ये आला. पॉइंटरावांनी उजवी नळी मोजली, सातशे चौतीस. डावी मोजली. सातशे अडतीस. पुन्हा मोजली. तिसऱ्या दिवशी पुन्हा मोजली. अडतीस.

"पास," ते म्हणाले. "पण डावीत एकच थाऊ शिल्लक आहे. आता हिला आतून घासायची नाही. कितीही गंजली तरी नाही."

"दादा, एक थाऊ म्हणजे किती?"

"तुझ्या केसाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढं."

"माझे केस राहिलेत कुठे," धाकटा म्हणाला, आणि ठप्पा मारलेली बंदूक खांद्यावर टाकून गेला. खोली क्रमांक दोनमध्ये दोन दिवस कुजबुज चालली, की भावाची म्हणून एक थाऊ सोडला. पॉइंटरावांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. आपण सोडलेला नाही हे त्यांना माहीत होतं.

यंदा एक एजंट नवं आकडे दाखवणारं गेज विकायला आला. स्वतःची कोरी रिंग घेऊन आला होता. साहेबांसमोर प्रात्यक्षिक म्हणून त्याने आपलं गेज आपल्या रिंगवर जुळवलं आणि कार्यालयाच्या मास्टर रिंगमध्ये घातलं. आकडा आला सातशे पस्तीस.

एजंट ओशाळला. "सॉरी हं. प्रवासात हललं असेल." त्याने पुन्हा जुळवलं. सातशे पस्तीस. त्याने घाम पुसला, माफी मागितली आणि आपल्या कंपनीचं नाव खराब होऊ नये म्हणून तिसऱ्यांदा जुळवलं. सातशे पस्तीस.

"तुमचं यंत्र राहू द्या," साहेब म्हणाले. "आमचं बरं आहे."

एजंट जायला निघाला तेव्हा पॉइंटरावांनी त्याच्याकडून आठ दिवसांसाठी ती कोरी रिंग मागून घेतली. मग खोलीत येऊन त्यांनी मास्टर रिंग खिडकीशी धरली. आतून ती लखलखत होती. अशी लखलखणारी वस्तू बघून एरवी त्यांना आधी शंका आली असती. स्वतःच्या वस्तूच्या बाबतीत तसं होत नाही, हे त्यांना वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी कळलं.

चोवीस वर्षं, दर शनिवारी एकशेवीस फेरे. रिंग वर्षाला पाव थाऊने मोठी होत गेली होती. रिंग मोठी, म्हणून तिच्यावर जुळवलेलं गेज प्रत्येक नळी तेवढी लहान दाखवत होतं. ज्या नळीला ते सातशे छत्तीस म्हणत होते ती बेचाळीस होती. पॉइंटरावांकडे आपली स्वतःची वही होती. प्रत्येक बंदूक, मालक, पत्ता, तारीख, दोन्ही नळ्यांची मापं. चार रात्री बसून त्यांनी वर्षावर्षाची चूक मापांत मिळवली. नापास असून पास झालेल्या बंदुका निघाल्या एकेचाळीस. त्यात एक धाकट्याची.

त्यांनी रीतसर अर्ज केला. साहेबांनी बोलावलं.

"रिंगचं प्रमाणपत्र आहे ना?"

"आहे साहेब."

"कधीपर्यंत?"

"पुढच्या मार्चपर्यंत."

"मग मार्चपर्यंत रिंग बरोबर आहे."

"साहेब, ती सहा थाऊ मोठी आहे. मीच घासलीय."

"कोणाच्या आदेशाने?"

आदेश नव्हता.

"म्हणजे सरकारी वस्तूची विनाआदेश झीज केलीत असं लिहून देताय? अहो, दोन वर्षं राहिलीत तुमची. कशाला स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेता?"

"त्या एकेचाळीस जणांना कळवायला हवं."

"काय कळवणार? तुमची बंदूक पास आहे, ठप्पा खरा आहे, पण आमच्या मोजणीदाराच्या मनात पाल चुकचुकतेय?" साहेबांनी अर्ज उलटा करून पेपरवेटखाली ठेवला. "मोजा तुम्ही. मोजणं तुमचं काम. काळजी करायला वरती लोक आहेत."

रविवारी दुपारी पॉइंटराव पिशवी घेऊन धाकट्याकडे गेले. पिशवीत गेज होतं, एजंटची रिंग होती आणि तळाशी कापडात गुंडाळलेला कार्यालयाचा एक छोटा पंच होता. ठप्पा रद्द करायचा तर त्यावर या पंचाने आडवी रेघ मारतात. तो कार्यालयाबाहेर न्यायला मनाई आहे. चौतीस वर्षांत पॉइंटरावांनी कार्यालयाची टाचणीसुद्धा घरी नेली नव्हती.

"दादा? रविवारी? वहिनीनं हाकललं वाटतं."

"अहो, त्यांना आधी बसू तर द्या," भावजय म्हणाली. "दादा, चहा टाकते."

"बंदूक काढ," पॉइंटराव म्हणाले.

बंदूक बैठकीच्या खोलीत, टायर कंपनीच्या कॅलेंडरशेजारी दोन खुंट्यांवर होती. पॉइंटरावांनी ती उघडली, नळ्या सुट्या केल्या, कोऱ्या रिंगवर गेज जुळवलं आणि डाव्या नळीत नऊ इंच घातलं. सातशे साडेत्रेचाळीस. घरी बसून काढलेला आकडा बरोबर हाच होता. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना आपलं गणित बरोबर आल्याचं वाईट वाटलं.

"ही नापास आहे. तेव्हाही होती."

"तूच पास केलीस की."

"माझी रिंग झिजलेली होती."

"म्हणजे तेव्हा तू मला खोटं सांगितलंस?"

"तेव्हा मला दिसलं ते सांगितलं. दिसत होतं तेच चुकीचं होतं."

"व्वा. लोक मेले असते तर हेच सांगितलं असतंस?"

"तेच टाळायला आलोय. तुझा डावा हात इथे असतो." पॉइंटरावांनी नळीखाली बोट टेकवलं. "भिंत इथे पोस्टकार्डाच्या दीडपट आहे. ही फुटणार. कधी, ते मला मोजता येत नाही."

"दोन मोसम उडवली मी. बाबांनी चाळीस वर्षं उडवली. हे बघ." धाकट्याने दोन्ही हातांची दहा बोटं नाचवली. "मोज. सगळी आहेत."

भावजय आतून म्हणाली, "अहो, ते एवढं सांगतायत तर..."

"तू मध्ये पडू नकोस. ह्याचं लहानपणापासून असंच. माझ्या पतंगाचा मांजासुद्धा मोजायचा, आणि मोजून होईपर्यंत वारा पडलेला असायचा." तो उठला. "बाबांनी मला दिली हे तुला खुपतंय. सरळ सांग ना तसं."

खाली दुकानात कोणीतरी हाक मारली. धाकटा जिना उतरून गेला. पॉइंटरावांनी पिशवीतून पंच काढला, नळ्या गुडघ्यावर उलट्या धरल्या आणि आपल्याच ठप्प्यावर आडवी रेघ मारली. एकच घाव, टेबलावरच्या जड पितळी अडकित्त्याने. आवाज मोठा झाला नाही. तरी धाकटा धावत वर आला.

"काय केलंस?"

"ठप्पा माझा होता. मी काढून घेतला."

धाकट्याने नळ्या हिसकावून घेतल्या आणि ती रेघ अंगठ्याने चाचपली. मग म्हणाला, "नीघ. चहा घरी जाऊन पी."

चौथ्या दिवशी त्याची तक्रार आली. टाइप केलेली, दोन प्रतींत. मोजणीदाराने सरकारी पंच कार्यालयाबाहेर नेऊन खाजगी मालमत्तेवरील वैध ठप्पा सूडबुद्धीने विद्रूप केला, सबब बंदुकीची फेरतपासणी होऊन नवा ठप्पा मिळावा. चौकशी झाली. पॉइंटरावांनी सगळं कबूल केलं, त्यामुळे ती चाळीस मिनिटांत उरकली. एकेचाळीस बंदुका नोंदलेली त्यांची वही पुरावा म्हणून जप्त झाली आणि कपाटात गेली. बाकीच्या चाळीस जणांचे पत्ते त्यात होते. पॉइंटरावांना मापं पाठ होती, पत्ते नव्हते. त्यांना सक्तीने निवृत्त करण्यात आलं. निरोपसमारंभ झाला नाही. खोली क्रमांक दोनने जाताना हात मिळवले, खोली क्रमांक एकने, म्हणजे साहेबांनी, मिळवले नाहीत.

नव्या मोजणीदाराने नऊ वाजता मास्टर रिंगवर गेज जुळवलं आणि धाकट्याची बंदूक मोजली. डावी नळी सातशे साडेसदतीस. दोन वर्षांत बंदूक अर्ध्या थाऊने सुधारली होती. यात कोणाला काही विशेष वाटलं नाही. खोडलेल्या ठप्प्याशेजारी नवा ठप्पा बसला.

थंडीला पंधरा दिवस उरले तेव्हा बायको म्हणाली, "अहो, रुसवाफुगवा सोडा. तो लहान आहे. जाऊन पाया पडा हवं तर, पण त्याला त्या तळ्यावर जाऊ देऊ नका." पॉइंटराव गेले. पाया पडायची तयारी करूनच गेले होते. दार भावजयीने उघडलं आणि ती नजर चुकवून आत गेली. कॅलेंडरशेजारच्या दोन खुंट्या रिकाम्या होत्या.

"विकली," धाकटा म्हणाला. तो जमिनीवर बसून टायरची नोंदवही लिहीत होता.

"का?"

"का म्हणजे? फुटेल म्हणालास ना तू."

"तुला पटलं?"

"तेव्हाच पटलं. मोजण्यात तू कधी चुकलायस?"

पॉइंटराव खुर्चीत बसले. "मग तक्रार का केलीस?"

"ठप्प्याशिवाय विकता येत नाही ना. तू तर खोडून गेलास." धाकट्याने पेनाचं टोपण लावलं. "तुझी नोकरीच जाईल असं वाटलं नव्हतं रे, दादा. आईशप्पथ. दोन-चार दिवस घरी बसवतील, एवढंच वाटलं."

"घेणाऱ्याला सांगितलंस?"

"काय सांगू? त्यानं विचारलं नाही. नळीत डोकावलासुद्धा नाही. पोटाखालचा ठप्पा बघितला, नवा आहे म्हणाला, आणि गाडीत टाकली."

"नाव?"

"परवाना लागत नाही, तर नाव कशाला विचारू? लांबचा होता. डावखुरा होता, एवढं आठवतंय. खांद्याला लावून बघितली ना, तेव्हा."

"म्हणजे उजवा हात," पॉइंटराव म्हणाले. सवयीने.

"दादा, चहा टाकू का?" भावजयीने दाराआडून विचारलं. आणि उत्तराची वाट न बघता टाकला.

दुसऱ्या दिवशी पॉइंटरावांनी कार्यालयाला पत्र लिहिलं. घेणाऱ्याचा शोध घ्यावा, वर्तमानपत्रात सूचना द्यावी, खर्च निवृत्तिवेतनातून कापावा. सात आठवड्यांनी उत्तर आलं. सदर प्रकरणी सखोल छाननी करण्यात आली असून, उपरोक्त बंदूक दोन वेगवेगळ्या मोजणीदारांनी दोन वेगवेगळ्या वेळी तपासून वापरास योग्य ठरविली आहे. कार्यालयाची मोजमाप साधने विहित प्रमाणपत्रानुसार अचूक आहेत. सबब सदर बंदुकीपासून कोणाही व्यक्तीस धोका संभवत नाही, आणि प्रकरण याद्वारे बंद करण्यात येत आहे.

बंदूक कोणाकडे आहे, हे कोणालाच माहीत नाही.